पाकिटातली काकू

माझी काकू गेली, तरी पुढे जवळजवळ वर्षभर तिचा आवाज बाजारात होता. पाकिटामागे काळ्या ठिपक्यांचा चौकोन छापलेला असायचा. मोबाइल त्यावर धरला की आधी वारा ऐकू यायचा, मग वाळत आलेल्या करडईची खसखस, आणि मग काकू. परदेशातल्या कुठल्याशा शहरात एखादी बाई सकाळी उठून कपात गरम पाणी ओतत असेल, पाकळ्यांचा रंग उतरायची वाट बघता बघता सहज म्हणून तो चौकोन स्कॅन करत असेल, आणि माझी मेलेली काकू तिच्या ओट्याशी बोलायला लागत असेल. हा विचार मला एसटीत यायचा, भाकरी थापताना यायचा, आणि अंगावर काटा यायचा.

करडई तर तेलाची, असं तुम्ही म्हणाल. खरंच आहे. आमच्या येरमाळ्याच्या बाजूला करडई म्हणजे तेल, आणि कोवळी असताना भाजी. तिच्या फुलाचं पाणी करून कुणी पितं, हे आमच्या सात पिढ्यांना माहीत नव्हतं. मी धाराशिवला राहते आणि एका कंपनीचं गावोगावचं काम बघते. कंपनी मुळात कॉफीवाली. देशोदेशीच्या डोंगरांतून कॉफी घेते आणि श्रीमंत देशांत विकते. ज्यांना डॉक्टरने कॉफी सोडायला सांगितली, त्यांच्यासाठी ती करडईच्या पाकळ्यांकडे वळली. कॉफीत बसवलेली रीतच त्यांनी आमच्याकडे आणली. मध्ये दलाल नको, माल शेतकऱ्यासमोर तोलायचा, पैसे वेळेवर द्यायचे, आणि हे कुणाच्या रानातून, कुणाच्या हातून आलं ते पिणाऱ्याला कळलं पाहिजे. याला ते ‘नैतिक खरेदी’ म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी भर बैठकीत विचारलं होतं, मग आजवर आमच्याकडून झाली ती कसली होती? आई म्हणते मी तोंडाळ आहे. पण खोटं कशाला बोलू, कंपनीने शब्द पाळला. आमच्या बायकांना माल विकायला गेल्यावर कुणी बसायला खुर्ची दिली, ती पहिल्यांदा याच लोकांनी.

पाकळी खुडायचं काम बायकांचंच. माघात फूल पिवळ्याचं तांबूस होतं आणि सुकायला लागतं, तेव्हा सकाळच्या दवात, काटे जरा नरम असतात तोवर, तीन बोटांनी पाकळ्यांचा झुबका वर ओढून काढायचा. बोंडाला धक्का लावायचा नाही, कारण खाली दाणा भरत असतो. हातापायांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधायच्या. तरी संध्याकाळी बोटं टोचून टोचून लाल होतात. काकू यात पटाईत होती. काकू म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांची बायको, आणि चुलत्यांना आम्ही सगळे तात्या म्हणतो. तात्या नांगरणी-पेरणी करायचे, राखण करायचे, पण पाकळीला त्यांना काकू हात लावू द्यायची नाही. म्हणायची, “तुमच्या हातानं फुलाचा जीव जाईल.”

पाकिटावर आवाज टाकायची कल्पनाही कॉफीकडूनच आली. सुरुवातीला कंपनीच्या पुण्याच्या मॅडम आल्या होत्या, त्यांनी देवळाच्या मंडपात बायकांना बसवून दूरदेशीच्या एका कॉफीवालीचा आवाज ऐकवला. भाषा कुणाला कळली नाही. ती बाई मध्येच हसली, तेव्हा आमच्याही दोघी-तिघी हसल्या. काकू मात्र पदराचं टोक दातांत धरून ऐकत होती. संपल्यावर तिने विचारलं, “ही बाई हाय ना अजून?”

मॅडम म्हणाल्या, “असणारच की.”

“न्हाय, दिसत न्हाय म्हणून इचारलं,” काकू म्हणाली.

नियम ठरवताना मीही भांडले होते. आमच्याकडे बाईला काही विचारलं की शेजारी बसलेला पुरुष उत्तर देतो. तेव्हा मी म्हटलं, जी खुडते तिनेच बोलायचं, तिच्यावतीने दुसऱ्या कुणी नाही. आणि तिने होकार दिला असेल तर घरच्या पुरुषाला तो मोडता येणार नाही. मॅडमना हे फार आवडलं. त्यांनी ते जसंच्या तसं नियमांत घातलं. शेत कुणाचं, हेही बोलणाऱ्यानेच सांगायचं, म्हणजे कागद आणि बोलणं जुळतं.

आमच्या रानात आवाज घ्यायचा दिवस आला तेव्हा ऊन कोवळं होतं. मोबाइल मी धरला होता. काकू घडाघडा बोलली. पाकळी कधी पिकते, कशी ओढायची, सावलीत कशी वाळवायची. मॅडम नुसती मान डोलवत होत्या. मग त्यांनी विचारलं, “शेत कुणाचं आहे?”

“आमचंच.”

“म्हणजे कुणाच्या नावावर?”

“ह्यांच्या.”

“नाव सांगा ना.”

काकू हाताच्या चिंध्या सारख्या करायला लागली. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. आता त्यांना काय सांगणार? नवऱ्याचं नाव तोंडाने घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं आमच्याकडे मानतात. आताच्या मुली नवऱ्याला नावाने हाका मारतात आणि नवरे ठणठणीत असतात, पण काकूच्या पिढीचं तसं नव्हतं. तात्यांना एकदा कळंबला दवाखान्यात नेलं होतं. नर्सने पेशंटचं नाव विचारलं, तर काकू म्हणाली, “त्या पलीकडच्या माणसाला इचारा.” तो पलीकडचा माणूस वैरागचा निघाला, त्याला काय माहीत! नर्स कावली, पण काकूने नाव घेतलं नाही.

“उखाण्यात घ्या,” मॅडम हसून म्हणाल्या. “लग्नात घेतलंच असेल की.”

“त्यो लग्नातला खेळ झाला. चार बाया हसत्यात, त्यात नाव बुडून जातंय. हितं रानात कसला उखाणा?”

मी म्हटलं, “काकू, नको असेल तर राहू द्या. आपण दुसऱ्या कुणाचं शेत घेऊ.” मी तिला भरीस घातलं नाही. हे मी स्वतःच्या बचावासाठी सांगत नाही, घडलं ते सांगते. उलट ती माझ्यावरच उसळली. “का बरं? सगळ्या बाया बोलल्या, आन् म्याच मागं ऱ्हाऊ?”

मग तिने तात्यांना हाक मारली, म्हणजे “आवं” म्हटलं, आणि पलीकडच्या बांधाला पोपट बसलेत ते हाकलून या म्हणून सांगितलं. तात्या गेले. पोपट एकही नव्हता. ते पार टोकाला पोचेपर्यंत ती त्यांच्या पाठीकडे बघत राहिली, आणि मग मोबाइलकडे तोंड करून स्पष्ट म्हणाली, “शेत,” आणि तात्यांचं नाव घेतलं, “ह्यांचं हाय. आमी दोघं करतो.” लगेच खाली वाकून तिने मातीला हात लावला आणि तो कपाळाला लावला. ओठ हलत होते. असं करतातच म्हणून मी लक्ष दिलं नाही. ती सरळ उभी राहिली तेव्हा मी मोबाइल बंद केला. “झालं?” तिने विचारलं आणि खुडायला लागली.

चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याला येडाई देवीची यात्रा असते. दुसऱ्या दिवशी चुन्याच्या रानात सगळा मुलूख चुन्याचे खडे वेचायला लोटतो. काकूचा नेम कधी चुकला नव्हता. त्या वर्षी मात्र पौर्णिमेच्या आधीच ती गेली. जरा दम लागतोय म्हणत होती, उन्हामुळं असेल म्हणत होती. अंगणात धुणं वाळत घालता घालता खाली बसली ती उठलीच नाही. डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं. तात्या तेव्हा रानात करडई काढत होते. त्यांना बोलवायला मीच गेले होते, आणि ते म्हातारे पाय कसे पळाले ते मी विसरू शकत नाही.

पाकिटं छापून आली ती त्यानंतर. एक पाकीट मी तात्यांना नेऊन दिलं आणि स्कॅन कसं करायचं ते दाखवलं. मला वाटलं होतं, रडतील आणि मग शांत होतील. ते रडले नाहीत. काकू बोलू लागली तसे ते उठून उभे राहिले, कुणी वडीलधारं आत आल्यावर उभं राहावं तसे. तिने नाव घेतलं तेव्हा त्यांनी मोबाइल हातात घेतला आणि पुन्हा लावला. परत लावला. मी निघाले तेव्हाही ते लावतच होते.

पुढे रोज सकाळी ते पाकीट घेऊन ओसरीवर बसायचे. आवाज घरभर यायचा. त्यांची सून धीट पोरगी, पण तीही हबकली. मला म्हणाली, “ताई, म्या चुलीपुढं असती आन् आत्याबाई भायेर बोलत्यात. कवा कवा म्या व्हय म्हणून बसती. पुन्यांदा ध्यानात येतंय.” शेजारच्या बायका सकाळच्या वेळी त्या घरावरून जाईनाशा झाल्या. कुणी म्हणे तिचा जीव अडकलाय, कुणी म्हणे कंपनीने अडकवलाय. मी त्यांना झापलं. पण खरं सांगते, मीसुद्धा तिथे गेल्यावर आधी दारातून कानोसा घेत असे, आणि आत जायला पाय धजावत नसे.

दिवाळीच्या सुमारास तात्यांनी मला शेतात बोलावून घेतलं. करडई नुकतीच उगवून आली होती. म्हणाले, “माझं नाव घेतलंया तिनं. आख्ख्या संसारात असं सरळ न्हाय घेतलं कवा.”

“हो तात्या.”

“नावाच्या म्होरं ती आणिक कायतरी म्हणती.”

मी पाकीट घेतलं, कानाशी लावून ऐकलं. आमी दोघं करतो, आणि मग नुसतं घुंघुं. “वारं आहे तात्या,” मी म्हटलं.

त्यांनी पाकीट घडी करून बंडीच्या खिशात घातलं. मला वाटलं, एकट्या माणसाला भास होतात. गावाला काय म्हणायचं, मीही चुकीचंच समजले होते.

मार्गशीर्षात कंपनीने पुण्याला मोठी बैठक घेतली. परदेशचे खरेदीदार आले होते. हॉलमध्ये कॉफीचा वास कोंडला होता आणि भिंतींवर हसऱ्या शेतकऱ्यांचे फोटो होते. शेतकऱ्यांशी आमचं नातं कसं आहे ते दाखवायला त्यांनी निरनिराळ्या देशांतले आवाज ऐकवले. शेवटी आमचा. दोन्ही बाजूंच्या मोठ्या स्पीकरमधून काकू हॉलभर घुमली. मी खुर्चीचे हात घट्ट धरले होते. तिने नाव घेतलं. आमी दोघं करतो. मग माती खरवडल्याचा आवाज आला, आणि त्याच्याखालून, कानाशी यावं इतक्या जवळून, अगदी हळू आवाजात काकू म्हणाली:

“येडाई, त्यांचं नगं. कमी करायचं तर माझं कर.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेजारचा गोरा माणूस माझ्याकडे बघून कौतुकाने हसला. त्या हॉलमध्ये ते शब्द कळणारी मी एकटीच असावी, कारण मॅडमसुद्धा टाळ्या वाजवत होत्या. मी बाहेर जाऊन बेसिनवर तोंड धुतलं. मला भीती वाटली. मी शिकलेली आहे, हृदय कसं बंद पडतं ते मला माहीत आहे. तरी त्या क्षणी मला वाटलं की देवीने ऐकलं.

परतल्यावर मी थेट गावाला गेले. मला बघताच तात्या म्हणाले, “ऐकू आलं न्हवं?”

“तुम्हाला कधीपासून माहीत होतं?”

“पयल्या दिवशीच कळलं. तिचं हळू बोलणं मला न्हाय कळायचं तर कुणाला? तुजं तुला कळावं म्हणून गप बसलो.” मग त्यांनी खिशातलं पाकीट माझ्यापुढे धरलं. “त्ये बंद करा, बाय.”

मला वाटलं चुकीचं ऐकलं. इतके दिवस रोज तेच लावून बसणारा हा माणूस.

“म्या रोज ऐकत हुतो, त्येच चुकलं. कुणी बी त्यो चौकोन दावला की तिला माझं नाव घ्यावं लागतंय. आन् नाव घेतलं की ती पुन्यांदा आपलं देऊ करती. कुठल्या कुठल्या मुलखात. जीव एकदा देत्यात. तिनं कितींदा द्यायचा?”

मी तिथूनच मॅडमना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “संमती त्यांची स्वतःची होती. ती मागे घ्यायचा हक्कही फक्त त्यांचा. नवरा म्हणतो म्हणून बाईचा आवाज आपण काढत नाही. हा नियम तुम्हीच भांडून घेतला होता.”

“ती बाई मेली आहे, मॅडम!” मी ओरडले. मग ती शेवटी काय म्हणते ते सांगितलं. मग त्या म्हणाल्या, शेवटचं वाक्य कापून टाकता येईल, बाकीचं ठेवू. मी तात्यांना विचारलं. त्यांनी मान हलवली. “नाव ऱ्हायलं की त्ये बी ऱ्हायलंच. ऐकू आलं न्हाय म्हणून ती म्हणायची थांबती व्हय?”

शेवटी वाट निघाली ती नियमांतूनच. एका शेताचा एकच आवाज असतो. नव्या हंगामात त्याच शेतात काम करणारं दुसरं कुणी बोललं, तर सगळ्या पाकिटांवर, जुन्यांवरसुद्धा, नवा आवाज लागतो आणि जुना पुसला जातो. फक्त पाकळी खुडणाऱ्यानेच बोलायला हवं. सून तयार होती. पण तात्या म्हणाले, “म्या खुडतो.”

मग त्या माघात आम्ही तात्यांना पहिल्यांदा पाकळी खुडताना बघितलं. हातांना काकूच्या लुगड्याच्या चिंध्या बांधल्या होत्या. त्यांना जमत नव्हतं. निम्म्या पाकळ्या तुटायच्या, बोंडं हलायची, काटे बोटांत मोडायचे. बायका आधी तोंड लपवून हसल्या, मग हसायच्या थांबल्या. तात्या ओळ सोडत नव्हते.

आवाज घ्यायच्या दिवशी मॅडम आल्या नाहीत. आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, “तात्या, जुन्याची एक प्रत मी मोबाइलवर ठेवू का? कुणाला देणार नाही. तुम्हाला कधी वाटलं तर.”

“नगं. तुज्या बी मोबाइलात नगं. लई बोलली ती. आता तिला टेकू दे जरा.”

मला रडू आलं. मी ती प्रत त्यांच्यासमोर काढून टाकली आणि रेकॉर्डिंग चालू केलं. तात्यांनी पाकळी कशी खुडायची ते सांगायला सुरुवात केली. मध्येच अडखळले, म्हणाले, “हे आमच्या घरातलीला ठावं, मला नीट येत न्हाय.” तेही मी राहू दिलं. मग मी विचारलं, “शेत कुणाचं आहे?”

त्यांनी घसा साफ केला आणि स्वतःचं नाव सांगितलं, कचेरीत सांगतात तसं, मोठ्याने. रानात कुणी नव्हतं. मला वाटलं झालं, पण ते खाली वाकले, मातीवर हात टेकला आणि आवाज उतरवून, जवळ बसलेल्या माणसाशी बोलावं तसे म्हणाले, “ऐकलंस? गावोगाव घेतलंस माझं नाव, आज म्या बी घेतलं. काय बी झालं न्हाय मला. उगंच गेलीस.”